सुर्वे मॅडमचं मागचं दार

सुर्वे मॅडम गेल्या, हा निरोप कॉलेजच्या जुन्या मुलींच्या ग्रुपवर आला तेव्हा मी आनंदनगरमधल्या कंपनीच्या लॅबमध्ये होते. कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी सोडण्याजोगं आहे की नाही, हे तपासायचं माझं काम. नमुना तसाच ठेवला आणि आईला फोन लावला. बातमी ऐकून तिने विचारलं, “कॉलेजचं मागचं दार उघडं ठेवतील ना गं आता?” मॅडमना निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, आणि वस्ती सोडल्यापासून आम्हीही तिकडे फिरकलो नव्हतो...

उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या टोकाला आमची वस्ती, आणि वस्तीला लागूनच कॉलेजची मागची भिंत. भिंतीत एक लोखंडी दार होतं, कायम कुलूपबंद. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुढच्या गेटने लांबचा वळसा घालून आत जायचे. सुर्वे मॅडम आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. चण बारीक, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत. रोप लावायचं, फोटो काढायचा आणि विसरायचं, हे त्यांच्याकडे चालत नसे. आवारात गाळाने आणि कचऱ्याने भरलेली एक जुनी विहीर होती. ती त्यांनी आमच्याकडून उपसून घेतली, पदर खोचून स्वतःही चिखलात उतरल्या. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाईपने तिच्यात सोडलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकलं. पिण्यासारखं नव्हतं, पण झाडांना आणि धुण्याभांड्यांना चांगलं होतं. आम्ही सगळे काठावर उभे राहून नुसते आत बघत होतो. जिथे कचरा दिसायचा तिथे आभाळ दिसत होतं.

त्याच मे महिन्यात एका सकाळी आम्ही रोपांना पाणी घालत होतो आणि भिंतीपलीकडे टँकरवरून भांडण जुंपलं होतं. त्यात माझ्या आईचाही आवाज होता. मॅडमनी झारी खाली ठेवली. “झाडं आपली म्हणून त्यांना पाणी. मग या बाया कोणाच्या?” असं म्हणाल्या आणि तडक प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये गेल्या. प्रिन्सिपल सर माणूस वाईट नव्हते, घाबरट होते. मागचं दार उघडलं तर चोऱ्या होतील, उद्या कुणी जबाबदारी घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मॅडमनी वेगळी वाट काढली. बागेला खत लागतं, खताला ओला कचरा लागतो आणि कॅन्टीनचा कचरा पुरत नाही. वस्तीतल्या बायकांनी सकाळी तासभर मागच्या दाराने यावं, घरातली सालं-देठं खताच्या खड्ड्यात टाकावीत आणि जाताना विहिरीवर बसवलेल्या नळाचं पाणी न्यावं. सरांना बोलायला जागा राहिली नाही.

आईचा विश्वासच बसेना. कचरा घेतात आणि पाणी देतात म्हणजे यात काहीतरी लफडं आहे, असं ती शेजारच्या सिंधी पुष्पा आंटीला सांगत होती. पहिल्या दिवशी त्या दोघीच गेल्या, आई कांद्याची टरफलं घेऊन आणि आंटी कमलकाकडीची, म्हणजे कमळाच्या देठांची, सालं घेऊन. भरलेला हंडा बघून दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. मॅडम प्रत्येक बादलीत हात घालून बघायच्या, प्लास्टिक सापडलं की बादली परत. आईने एकदा विचारलं, “मॅडम, तुम्हाला वास येत नाही का हो?” मॅडम म्हणाल्या, “येतो ना. पण तुमच्या नाल्यापेक्षा बरा.” वर्गातल्या मुली हे सगळं खिडकीतून बघायच्या. मला तेव्हा लाज वाटली असेल, असं लोक धरून चालतात. नाही वाटली. माझी आई माझ्या कॉलेजात येत होती, रोज, हक्काने.

मग कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती आली. वस्ती दिसू नये म्हणून मागचं दार बंद केलं गेलं. समितीने बाग बघितली, खड्डा बघितला, तोंडभर कौतुक केलं आणि गेली. कुलूप मात्र तसंच राहिलं. मॅडम भांडल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी त्यांनी कॅन्टीनचं बाक ओढत भिंतीपाशी नेलं, त्यावर चढल्या आणि पाईप भिंतीवरून पलीकडे सोडला. एका हाताने हंड्यांत पाणी, दुसऱ्या हाताने वर आलेल्या बादल्या घ्यायच्या. पन्नाशी उलटलेली प्राध्यापक बाई, साडीवर सालं सांडलेली... बादल्या घ्यायला आम्ही धावलो. असं काही दिवस चाललं. एकदा प्रिन्सिपल सर स्वतः तिथे आले.

“मॅडम, पडाल.”

“मग बाक धरा ना, सर.”

आणि सरांनी बाक धरलं. पलीकडून आईने विचारलं, आज बाक धरलंय कोणी? मॅडमनी सांगितलं. “मग घट्ट धरा म्हणावं,” आई म्हणाली, “आमचं पाणी आहे त्यांच्यावर.” आधी पलीकडच्या बाया हसल्या, मग आम्ही, मग सरही. दुसऱ्या दिवशी शिपायाने दाराची किल्ली आणून मॅडमच्या हातात दिली. त्यानंतर मी पर्यावरणावरची पुष्कळ भाषणं ऐकली, नोकरीत मोठमोठे साहेब बघितले. पण न भांडता, आवाज न चढवता बंद दार उघडणारं माणूस मी ते एकच बघितलं.

गेल्या आठवड्यात आईला घेऊन मॅडमच्या बदलापूरच्या घरी भेटायला गेले. त्यांचे यजमान एकटेच होते. ओट्यावर स्टीलचा एक डबा होता, त्यात मॅडमनी शेवटचा स्वयंपाक केला त्या दिवशीची दोडक्याची सालं, वाळून काळी पडलेली. टाकवत नाही, म्हणाले. आईने न विचारता डबा उचलला. “भाऊ, द्या इकडे. याची जागा मला माहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॉलेजच्या मागे पोचलो. दार उघडं होतं. रांगेत सगळे नवे चेहरे, आम्हाला ओळखणारं कोणी नाही. आई मुकाट्याने शेवटी उभी राहिली, नंबर आल्यावर सालं खड्ड्यात टाकली आणि निघाली. तोच नळावरच्या पोरसवदा बाईने तिला हटकलं.

“मावशी, डबा रिकामा कुठे नेताय? इथे असं चालत नाही.”

मॅडमना तिने कधी पाहिलंही नसेल. आईने डबा विसळला आणि नळाखाली धरला.