नॉर्वेवाल्याची जयंती

आमच्या मंगळवार पेठेतल्या संगीत शाळेत नॉर्वेच्या एका संगीतकाराची जयंती होते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. आमच्या सरांचा त्या माणसावर भारी जीव. सर पियानो शिकवतात. वय सत्तर, मिशा पांढऱ्याफेक, केस मागं उडालेले, थेट त्या नॉर्वेवाल्यासारखे. गेल्या जयंतीला पोरांनी सरांना काळा कोट चढवून, गळ्याला बो बांधून त्याच्यासारखा फोटोही काढला होता. जुना दिसावा म्हणून तपकिरी.

यंदा मात्र कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सरांच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, वेळ घालवू नका, मिरजेला जाऊन ऑपरेशन करून घ्या. सर म्हणाले, "न्हाय करणार. सत्तर झाली, बास की!" काकी, म्हणजे सरांच्या मिसेस, रडल्या, भांडल्या, जेवायच्या थांबल्या. हे ढिम्म! मी पन्नाशीतली विद्यार्थिनी, मला जरा बोलायची मुभा आहे, म्हणून मीही तोंड सोडलं. तर मला म्हणाले, "तू आधी तुझा डावा हात सुधार."

जयंती आमच्याकडे आपल्या पद्धतीनंच होते. टेबलावर फोटो, झेंडूचा हार, समई, नारळ. पाहुण्यांनी हार घातला की सगळ्यांनी रांगेनं जाऊन फुलं वाहायची. तोवर सर कोपऱ्यातल्या पियानोवर, सभागृहाकडे पाठ करून, त्या संगीतकाराचा शोकाचा एक संथ तुकडा वाजवतात.

त्या संध्याकाळी मी उशिरा पोचले. दारातल्या फ्लेक्सवर सरांचं नाव, आणि वर फोटो त्या नॉर्वेवाल्याचा! छापणाऱ्याकडे सरांचा तो तपकिरी आणि नॉर्वेवाल्याचा, असे दोन्ही फोटो दिले होते, त्यानं घोळ घातला होता. मला हसू फुटलं. तशीच आत जाऊन रांगेत उभी राहिले.

आपण फोटोला नमस्कार करतो, फोटो बघतो कुठं? माझ्या पुढं सगळे मान खाली घालून पाकळ्या टाकत होते. आया पोरांची डोकी टेकवत होत्या. माझी पाळी आली आणि मी नेमकी मान वर केली. डाव्या भुवईवर खोक होती. लहानपणी रंकाळा तळ्याच्या पायऱ्यांवर आपटून पडलेली. सरांची.

आई गं! दारातला फोटो बदलला, तेव्हाच टेबलासाठी छापलेला आतलाही बदलला होता, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं. हार गळ्यापर्यंत, समईचा उजेड चेहऱ्यावर हलतोय, आणि मागं त्याच माणसाची बोटं तो शोकाचा तुकडा वाजवतायत, सावकाश, एकही सूर न चुकता. ओरडायला तोंड उघडलं, तोवर "व्हा की म्होरं," मागनं कुणीतरी ढकललं. मी बाजूला झाले, रांग सरकत राहिली. फुलांचा ढीग वाढत होता. मला त्या फोटोकडे बघवेना आणि सरांच्या पाठीकडेही बघवेना.

शेवटी काकी आल्या. ओंजळ पुढं केली, आणि थांबल्या. फोटोकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता पडतात. पण ओंजळीची त्यांनी घट्ट मूठ केली आणि म्हणाल्या, "अवो, बंद करा ते."

पियानो थांबला. सर उठले, चष्मा लावत टेबलापाशी आले. तोवर पुढच्या रांगेतल्यांच्याही ध्यानात आलं होतं. सर आपल्याच फोटोसमोर उभे होते. हाराकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं, मग आमच्याकडे वळले.

"एवढी माणसं आल्ती व्हय?" अगदी हळू विचारलं त्यांनी.

काकींनी मूठ त्यांच्यासमोर धरली आणि उघडली. पाकळ्या चुरगळून तळहाताला चिकटल्या होत्या.

"माझीच तेवढी ऱ्हायल्यात," त्या म्हणाल्या. "आता तुमीच सांगा. वाहू?"

सरांनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट पकडलं.

"नको गं," सर म्हणाले. "उद्याच जाऊया मिरजंला."