सोडलेला नंबर

ज्या माणसाशी तुम्ही एक शब्दही बोललेला नाही, त्याला चोर ठरवणारा कागद तुम्ही कधी वाचून पुढं पाठवलाय का? पाठवला असेल, तर तो बहुधा मीच लिहिलेला होता.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, आई खळ शिजवायची आणि मी उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गणितं सोडवायचो. अन्याय दिसला की तो छापून भिंतीवर गेलाच पाहिजे, हे मी पाढ्यांबरोबर शिकलो. छापण्याआधी वडील कुणाकुणाला जाऊन विचारत असतील, ते मला कधी दिसलं नाही. मला फक्त छापलेलं दिसायचं.

शिरवळच्या कारखान्यांत माल उतरवून मोकळे झालेले सांगलीकडचे ट्रकवाले हायवेलगतच्या एका चिंचेखाली थांबतात, परतीचं भाडं मिळेपर्यंत. चिंचेला एक पत्रा ठोकलाय. गाडी मोकळी झाली की त्यावर खडूनं तिचा नंबर लिहायचा. सांगलीचा माल आला की तो सगळ्यात वरच्या गाडीला. माल मिळवून देणारे एजंट लोक यात कशी लबाडी करतात, त्यावर मला पत्रक काढायचं होतं. म्हणून मी वही घेऊन तिथं बसायला लागलो.

“परवा मोकळाच गेलो रं,” एकजण सांगत होता. “कराडपतूर गाडीचा पत्रा नुसता वाजत हुता.”

“मग भजन म्हनायचं की. टाळ फुकटात हाय.”

“तुला काय गड्या, तुझ्या मोबाइलात भाडं येतंय म्हनं.”

“येतंय की. बसलोय शिरवळात आन दावतंय नागपूरचं!”

मी हे सगळं उतरवून घेत होतो. तेवढ्यात म्हसवडकडचा एक ड्रायव्हर आला. चाळिशीचा, बोलायला मऊ. त्यानं पत्र्यावर सगळ्यात खाली, सातवा, आपला नंबर लिहिला आणि फोन कानाला लावून बाजूला गेला. दहा मिनिटांत सांगलीचा माल आला. ज्याचा नंबर सगळ्यात वर होता, तो म्हातारा ड्रायव्हर उठला. त्यानं आपला वरचा नंबर पुसून तळाला लिहिला आणि या सातव्याचा सगळ्यात वर. कुणी हूं की चूं केलं नाही. एजंटानं त्या माणसाला कागद दिले, वर चहाही दिला. तो निघून गेला.

मला तेवढं पुरलं. सातवा माणूस पहिला होतो आणि एजंट त्याला चहा पाजतो! दोन दिवसांत पत्रक तयार झालं, ‘चिंचेखालचा चोर कोण?’ कागद पिवळा, कारण तो स्वस्त पडतो. नाव मला माहीत नव्हतं, म्हणून गाडीचे शेवटचे चार आकडे ठळक छापले. शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत टपऱ्यांवर ती पत्रकं मी स्वतः आईच्या खळीनं चिकटवली. त्याचा फोटो ड्रायव्हरांच्या ग्रुपवर फिरला तेव्हा मला अभिमान वाटला. हे लिहायला जड जातंय, पण वाटला.

पंधरा दिवसांनी चिंचेखाली गेलो. गप्पा थांबल्या. त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला सगळे आण्णा म्हणतात. त्यांनी खिशातून पिवळी घडी काढली.

“हे तुमी लिवलंय?”

“हो.”

“त्याला इचारलं हुतं?”

“आण्णा, मी डोळ्यांनी पाहिलंय. सातवा नंबर वर गेला.”

“वरचा नंबर पुसला कुनी?”

“तुम्ही.”

“मंग चोरी झाली आसंल तर माझी झाली. आन म्या तर काय तक्रार केली न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्या माणसाच्या पोरीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस होता. सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलेजच्या पायरीवर ती बसून होती आणि तिचा शाळेचा मूळ दाखला बापाच्या केबिनमध्ये होता. गाडी मालकाची, मोकळी नेता येत नाही. अशा वेळी चिंचेखाली नंबर सोडतात. ज्याला गरज आहे तो मागत नाही. जो सोडतो तो बोलून दाखवत नाही.

“पण मागितलं नाही, तर तुम्हाला कळलं कसं?”

“पोरीचा फोन सारखा येत हुता. आमास्नी कान हायती.” आण्णांनी माझ्या वहीकडं बघितलं. “तुमी बी हितंच हुता. लिवत हुता.”

तो माणूस आताही तिथंच होता. माझं त्याच्याकडं लक्ष गेलं नव्हतं. पत्र्यावर त्याचा नंबर पाचवा. केबिनमध्ये एक नवी पत्र्याची पेटी, पोरीला हॉस्टेलवर आजच पोचवायची. माल आला. वरच्या नंबरचा पोरगेला ड्रायव्हर उठला, त्यानं आपला नंबर पुसला आणि खडू त्या माणसापुढं धरला.

“नको गड्या. परत कागदात यील.”

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडीत चढता चढता फोनवर बोलला, “व्हय मालक, मोकळीच आनतोय. माझ्या पगारातनं कापा.” ट्रक निघाला. खंबाटकीच्या दिशेनं दिसेनासा झाला तरी पत्र्याचा खडखडाट मला ऐकू येत राहिला.

“आण्णा, मी माफीचं पत्रक काढतो,” मी म्हणालो.

“आनि येक? आदी पयलं काढा की!”

मग मी सुरी आणि पाण्याची बाटली घेऊन टपरी टपरी फिरलो. आईची खळ पक्की असते. कागद फाटतो, आकडे भिंतीला राहतात. काही पत्रकं ट्रकच्या केबिनमध्ये चिकटून कुठल्या कुठं गेलीत, तिथवर माझा हात पोचत नाही. चिंचेखाली मी असलो, तर आता कुणी नंबर सोडत नाही. माझ्या वहीसमोर सगळे नियमानं वागतात. मला हवं होतं तसंच.

हे लिहिण्याआधी मी त्या माणसाकडं गेलो. हात जोडले, विचारलं. त्यानं टायरवरून हात फिरवला. मग म्हणाला, “लिवा. पर पोरीचं नाव नको. आन गाडीचा नंबर तर आजाबात नको.”

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. पुणे-सांगली रस्त्यावर चहाला थांबलात आणि टपरीच्या पत्र्यावर पिवळा कागद दिसला, तर त्याचा फोटो काढू नका. थोडं पाणी लावा, कागद मऊ होऊ द्या आणि नखानं ते चार आकडे खरवडून टाका. बाकीचा मजकूर राहिला तरी चालेल. तो माझा आहे.