गोदामायचा जळालेला डोंगर

फोन आला तेव्हा मी हिंगोलीत छापखान्यात उभी होते. वणव्याविरुद्धचं नवं पत्रक छापून घ्यायचं होतं, आणि मथळा आणखी ठळक करा म्हणून मी तिथल्या माणसाशी भांडत होते. फोनवर बिरू होता, आमच्या गावात मेंढरं राखणाऱ्या गोदामायचा मुलगा. “माय गेली,” एवढंच म्हणाला. मागून मेंढरांचा आवाज येत होता. कुठं, असं मी विचारलं. “हट्ट्याकडं. हळद काढलेल्या रानात मेंढरं बसवली व्हती. ताप अंगावर काढला तिनं. दवाखान्यात नेईस्तोवर...”

आता बरेच आठवडे झालेत. लोक म्हणतात, ताप आला आणि गेली. मला हे पुरेसं वाटत नाही. या वयात गोदामाय घरापासून इतक्या लांब, परक्याच्या रानात, पालाखाली का झोपली होती, हे कुणी विचारत नाही. म्हणून लिहिते आहे.

आमच्या गोरेगावच्या पलीकडं सागाचा डोंगर आहे. मेंढरं राखणारी घरं फागुनात त्याच्या पायथ्याचं वाळकं गवत पेटवायची. राखेतून कोवळं गवत लवकर फुटतं, हे त्यांच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. पेटवायचं पहाटे, दव असताना, म्हणजे आग गवतापुरतीच राहते. पण आता फागुनातच वैशाखाचं ऊन पडून राहिलंय. दव नाही, झाडांखाली पाचोळा पापडासारखा. दोन वर्षांमागं ती आग गवतात थांबली नाही, वर चढली, आणि दिवस मावळेपर्यंत डोंगर काळा झाला. आम्ही पोरापोरींनी विहारात बैठक घेतली, पत्रक काढलं की हे सागाच्या लाकडावर डोळा असलेल्या ठेकेदाराचंच काम आहे. ग्रामसभेत मी ते तावातावानं वाचून दाखवत होते, तेवढ्यात मागून गोदामाय उठली. “ठेकेदाराचं नाव काहून घेतीस, बाई? मीच पेटवलं. दरसाल पेटवती तसंच. औंदा न्हाई थांबलं.” शेजारची बाई पदर ओढून तिला खाली बसवू पाहत होती. ती बसली नाही. “माझ्या हातनं जळालंय, तर माझी मेंढरं आधी बंद. तीन पावसाळे त्याला फुटू द्या. मंग बघा.” तिच्यानंतर बाकीच्यांना नाही म्हणता येईना, आणि चराईबंदी ठरली. तिनं हातातली एक काडी कबूल केली... ज्यांच्या धुरानं हे ऊन वाढवलं, त्यांच्यातल्या एकानंही कुठल्या सभेत उभं राहून काही कबूल केल्याचं मी ऐकलेलं नाही.

पहिल्या पावसात डोंगर खरंच फुटला. करपलेल्या बुडख्यांतून सागाचे धुमारे आले, सुपाएवढ्या पानांचे. धावडा फुटला, खैर फुटला. मग पाऊस मधेच गायब झाला आणि अळी पडली. उभं राहिलं तर अळ्या पानं खाताना आवाज ऐकू यायचा. बघता बघता पानांची जाळी झाली, नुसत्या शिरा उरल्या. मोठ्या सागांची सालंही आगीनं तडकलेली होती. काहींच्या बुंध्यात किडा शिरला, बुडाशी भुसा साचला. तपासणीला वनखात्याचे एक साहेब आले. रान मेलं आहे, सगळं साफ करून ओळीनं नवी रोपं लावू, असं त्यांनी सांगितलं. सोबतचा माणूस तांबड्या रंगानं खोडांवर फुल्या मारायला लागला. गोदामाय त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. “पानं गळली म्हणून मेलं म्हणता व्हय? माझेबी समदे दात पडलेत साहेब. मलाबी मारा एक फुली.” साहेबांनाही हसू आलं. पण हसून काम थांबत नाही. आम्ही अर्ज दिले, रस्त्यावर बसलो, तेव्हा कुठं एक साल मिळालं. त्या सालात निम्म्याहून जास्त झाडांना पुन्हा पालवी आली. सगळ्यांना नाही आली, हेही सांगते. किड्यानं पोखरलेले काही साग वाऱ्यात मोडून पडले.

पण डोंगर बंद म्हणजे मेंढरं उपाशी. जवळचं गायरान केव्हाच संपायचं, मग गोदामाय कळप घेऊन वसमतच्या अंगाला, हट्ट्याकडं चालत निघायची. बिरू चिडायचा. “डोंगराला माय हाय, आमाला न्हाई,” म्हणायचा. ती म्हणायची, “तुला पाय हायेत रे. त्याला हायेत का?” यंदाही ती तशीच गेली, खोकत. मी तिला जीपच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले होते. “जीपनं जा, माय, बिरू कळप आणील,” म्हटलं तर म्हणाली, “मेंढरं माझं तोंड पाहून चालतेत, त्याचं न्हाई.”

मागच्या आठवड्यात बिरूसोबत डोंगरावर गेले. सागाचे धुमारे माझ्या डोक्याच्या वर गेलेत. धावडा आणि खैर मात्र अजून मेंढरांच्या तोंडाच्या उंचीतच आहेत. उद्या बंदी उठली तर एक पान राहणार नाही. वरच्या उतारावर नुसता मुरूम उघडा पडलाय, मधल्या जागेत घाणेरी माजलीय. आणि चराई नाही म्हणून गवत कमरेला लागतं, वाळलेलं. ठिणगी पडली तर यावेळची आग मागच्यापेक्षा मोठी असेल, आणि पुन्हा फुटायचं बळ या बुडख्यांत किती उरलंय, कुणाला माहीत. गोदामायला ही भीती होती. म्हणून ती रोज सकाळी पायथ्याशी बसून इळ्यानं गवताचा पट्टा कापत जायची, आग ओलांडू नये असा. निम्म्यात आली आणि चारा संपला, तिला निघावं लागलं.

तो पट्टा जिथं थांबलाय तिथं आम्ही उभे होतो. एका बाजूला उघडी माती, दुसऱ्या बाजूला गवताची भिंत. येत्या ग्रामसभेत, तिसऱ्या पावसाळ्याच्या आधीच, बंदी उठवायचा विषय आहे. तू काय म्हणणार, असं मी विचारलं.

“माझी मेंढरं उपाशी हायेत, ताई. मला तर डोंगर उघडाच पायजे.”

मेंढरं त्याची, माय त्याची. तिनं कापून ठेवलेलं शेवटचं गवत तिथंच सुटं पडलं होतं. बिरूनं ते गोळा केलं, गवताचाच आळा वळून पेंढी बांधली, डोक्यावर घेतली. थोडं खाली उतरल्यावर मागं न बघता म्हणाला, “सभेचं सभेत बघू. उद्या सकाळी ये. दोन इळे आण.”