आईच्या पेटीत शोधलेलं प्रोटीन

"आधी हिच्या आईची पेटी बघून या. मासळीखाली सापडेल."

सर हे माझ्याकडे न बघता बोलले. सगळी लॅब उभी होती. मागे कोणीतरी हसलं. मी हातमोजे घालून उभी होते.

हरवलं होतं एक प्रोटीन. करंगळीच्या पेराएवढी नळी, तिच्या तळाशी जेमतेम थेंबभर. माणसाच्या पेशीच्या पडद्यात प्रोटीनची बारीक बारीक दारं असतात. मिठातलं क्लोराइड त्यांतून आतबाहेर जातं. दार बिघडलं की माणूस आजारी पडतो. त्यातलंच एक दार, पण कुणाच्या अंगातून काढलेलं नाही. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं. परदेशातून मागवलेलं. सगळे त्याची किती दिवस वाट बघत होते.

परळच्या या लॅबमध्ये मी कंत्राटावर टेक्निशियन. घर वरळी कोळीवाड्यात. आई लॅबजवळच्याच बाजारात मासळी विकते. असली पार्सलं सुक्या बर्फात, जाड थर्माकोलच्या पेटीत येतात. माल काढला की पेटी कचऱ्यात. स्टोअर सांभाळणारे सावंत काका एकदा स्वतःच म्हणाले होते, "घेवन जा गो, आवशीक उपयोगी पडतली." तेव्हापासून मी न्यायची. त्या दिवशीही जेवणाच्या सुट्टीत नेऊन दिली होती.

पार्सल उघडलं होतं निखिलने. तो पीएचडी करतो. सरांनी विचारल्यावर म्हणाला, "नळी मी काढली होती सर. बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर मी चोर ठरले.

खरं सांगते, मला माझीच खात्री वाटेना. पेटी उचलताना आत हात फिरवला होता का? नळी तळाला चिकटून राहिली असेल तर? आईने बर्फ भरताना नाल्यात टाकली असेल तर? सापडली तर मी चोर. नाही सापडली तरी चोरच.

सावंत काका एका बाजूला, वॉचमन दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. भर दुपारी रस्त्याने नेलं. पानवाला रोज हात करतो, त्या दिवशी त्याने नुसतं बघितलं. मला वाटत होतं, बाजार येऊच नये.

आई गिऱ्हाइकाला बांगडे देत होती.

"मावशी, पेटी रिकामी करायची," वॉचमन म्हणाला.

"काय झालं गो?"

वॉचमनने पेटी स्वतःच उपडी केली. बांगडे ओल्या फरशीवर पसरले. बर्फ पायाखाली गेला. तो बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिला. गिऱ्हाईक मागे सरकलं. "चोरीचा माल ठेवतात वाटतं," म्हणालं आणि पुढच्या बाईकडे गेलं.

आई माझ्या कानाशी आली. हळूच म्हणाली, "तू काय आणलंस गो?"

माझ्या आईने. मला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. पलीकडे निखिल. मला ऐकू येत होतं. "मिळालं काका. फ्रीजरमध्येच होतं, दुसऱ्याच्या रॅकमध्ये. मीच ठेवलं होतं. सॉरी हां काका."

सॉरी काकांना.

आई खाली बसून बांगडे गोळा करत होती. मीही बसले. काका उभेच राहिले, मग वाकले आणि दोन बांगडे उचलून पाटीत ठेवले.

लॅबमध्ये परत आले तेव्हा सर म्हणाले, "मिळालं ना? विषय संपला. फक्त यापुढे निघताना गेटवर बॅग दाखवत जा."

"सगळ्यांनी?"

"तू."

संध्याकाळी गेटवर वॉचमनने हात पुढे केला. मी बॅग पोटाशी धरली. मागून सर आले.

"प्रोसिजर आहे फक्त," ते म्हणाले.

"मग तुमची बॅग पहिली."

आवाज फाटला माझा. पण बोलले.

"कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय ना तुझं? विचार कर."

"आईची पेटी उपडी केलीत. आता माझी बॅग उघडणार नाही. आणि सर, बाजारात येऊन आईला सांगा, तुमची मुलगी चोर नाही."

ते गाडीत बसून गेले. मी बॅग न उघडता बाहेर पडले. कोपऱ्यावर भिंतीला टेकून किती वेळ उभी होते कोण जाणे.

आई म्हणते, "जाऊ दे गो, नोकरी जाईल." जाईलही. मला भीती वाटते. सकाळी डबा भरताना वाटते, गेटपाशी वाटते, सरांचे बूट वाजले की वाटते. पण काल नवं पार्सल आलं. माल निघाला, पेटी रिकामी झाली. ती मी सगळ्यांसमोर उचलली आणि मोठ्या गेटमधून नेली.

रोज सकाळी मी सरांच्या केबिनच्या दारात उभी राहते आणि विचारते, "सर, आईकडे कधी येताय?" ते मान वर करत नाहीत. मी उद्याही विचारणार. कॉन्ट्रॅक्ट संपलं तर गेटबाहेर उभी राहून विचारणार.