दुसरा कॉर्नेट

दुसरं येण्यासाठी जिवाचा आटापिटा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे घरमालक होते. पहिला नंबर हुकला म्हणून दुसऱ्यावर समाधान मानणारे गल्लोगल्ली भेटतात. चेहऱ्यावरूनच ते ओळखू येतात. आमच्या घरमालकांचं तसं नव्हतं. पहिली जागा रिकामी असली, लोक हात धरून तिथं बसवत असले, तरी हे गृहस्थ अंग चोरून एक पाऊल मागं सरकत आणि कुणीतरी पुढं येईपर्यंत तिथंच थांबत. सगळं रिहे गाव त्यांना आबा म्हणतं. मी भाषांतराची कामं करतो आणि त्यासाठी शांतता लागते अशी माझी समजूत होती, म्हणून पुणं सोडून त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. खोल्या दाखवायला आले तेव्हा मी विचारलं, "इथं शांत आहे ना?" आबांनी उत्तर देण्याऐवजी बायकोकडं पाहिलं. "शांत हाय की," काकी म्हणाल्या. मग आबा म्हणाले, "व्हय, शांत हाय. सांच्याला जरा वाजतं." काय वाजतं ते मी विचारलं नाही. खेड्यात संध्याकाळी देवळातली घंटा वाजत असेल, अशी शहरी माणसाची कल्पना असते.

आबांचा दुसरेपणा पहाटेपासून सुरू होई. समोरच्यानं चहाचा घोट घेतल्याशिवाय ते कपाला तोंड लावत नसत. एकदा त्यांच्याकडं तितकेच भिडस्त असे एक व्याही आले. "घ्या", "तुमी घ्या", "न्हाई, तुमी आधी" असं होता होता चहावर साय धरली आणि काकींनी तो तसाच उचलून पुन्हा गरम करायला नेला. भाताची आवणी शेजाऱ्याच्या खाचरात पहिली रोपं लागल्याखेरीज आबांच्या खाचरात सुरू होत नसे. एका वर्षी शेजारी मुलीच्या बाळंतपणात अडकला, तर आबांची रोपंही वाफ्यात त्याची वाट बघत पिवळी पडायला आली. मोटारसायकलवर ते कुणाला मागं टाकत नसत. पिरंगुटच्या रस्त्यावर एखादं बेताच्या वेगाचं वाहन हेरायचं आणि त्याच्या मागं लागायचं, ही त्यांची पद्धत. एकदा ते असेच एका टेम्पोच्या मागं विचारात गढून निघाले आणि टेम्पो थांबला तेव्हा कोंबड्यांच्या फार्मच्या आवारात होते. फोनही तेच करायचे आणि तेच गप्प बसायचे. समोरून "हॅलो, कोण?" असं आल्याखेरीज त्यांचा आवाज फुटत नसे. ग्रामसभेत त्यांनी आजवर एकही सूचना मांडलेली नाही, मात्र अनुमोदन दिलं नाही अशी सूचनाही नाही. पाण्याची टाकी देवळामागं बांधावी, याला त्यांचं अनुमोदन होतं, आणि ती तिथं बिलकुल बांधू नये, यालाही होतं. गावानं सरपंच होण्याचा आग्रह केला तेव्हा त्यांनी हात जोडले. "उपसरपंचाचं काय असंल तर सांगा," ते म्हणाले. काकींनी या सगळ्याचा निकाल एका वाक्यात लावला होता. "घराला आग लागली ना, तरी हे म्हणतील, आधी शेजाऱ्याला पळू द्या."

हे सगळं कॉर्नेटमुळं झालं होतं की या स्वभावामुळं कॉर्नेट आला होता, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचाच आखूड, गुबगुबीत भाऊ. सांच्याला जे वाजायचं ते हेच, आणि ते दोन होते. एक आबांचा, दुसरा मास्तरांचा. म्हणजे पहिला मास्तरांचा, दुसरा आबांचा. मास्तर हे पलीकडच्या वाडीवरचे जुने बँडमास्तर. तरुणपणी ते मुंबईत गेले, तिथल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाच्या हाताखाली राहिले आणि परत येताना त्यांनी एक कॉर्नेट, थोड्या कॅसेट आणि जॅझ नावाचं व्यसन आणलं. मुळशीच्या वराती त्यांनी त्या काळी काय काय ऐकवून नाचवल्या असतील, याची नाचणाऱ्यांना कल्पना नव्हती. अशाच एका वरातीत आबांनी मास्तरांना ऐकलं आणि ते घोड्यामागून चालायचे ते बँडमागून चालू लागले. बागायतदाराचा मुलगा बँडमध्ये जाणार म्हटल्यावर घरात सुतक पडल्यासारखं झालं. पण वडलांचा खरा संताप वेगळ्याच गोष्टीवर होता. "वाजवायचंच असंल तर मग पुढं तरी उभा ऱ्हा!" ते ओरडले होते. आबा म्हणाले, "पुढं मास्तर हायेत." चाळीस माणसांच्या देखत वडलांना दिलेलं हे उलट उत्तर त्यांच्या आयुष्यातलं पहिलं, आणि माझ्या माहितीत शेवटचं.

मास्तरांच्या कॅसेटमध्ये फार जुन्या अमेरिकन बँडचं एक वादन होतं. त्यात गुरू आणि शिष्य असे दोन कॉर्नेट शेजारी बसून वाजवतात. मधेच सगळा बँड गप्प होतो आणि त्या मोकळ्या जागेत हे दोघंच एकदम उधळतात. एकाची तान वर, दुसऱ्याची तिला धरून खाली, आणि ती तान आधीच्या वादनात कुठंच नसते. समोर कागद नाही, डोळ्यांची खूण नाही. लोक म्हणे चक्रावून जात. मास्तरांना त्या गोवेकरानं यातली मेख सांगितली होती. गुरूनं पुढं जे वाजवायचंय त्याचा एक बारीकसा तुकडा थोडं आधी, बँडच्या गलक्यातच, हळूच वाजवून ठेवायचा. शिष्यानं तो पकडायचा. मास्तर या तुकड्याला चाहूल म्हणायचे. सगळ्या वरातीला ऐकू जाई, पण कळे फक्त आबांना. उभ्या हयातीत दोघांनी हाच उद्योग केला. मी जॅझमधला जाणकार नाही, आणि जाणकारांबद्दल मला फारसा आदरही नाही. पण रोज संध्याकाळी पडवीत ते दोघं त्या मोकळ्या जागेशी आले की मी लिहिता लिहिता थांबायचो. चाहूल कुठली ते शोधायचो. एकदाही सापडली नाही.

पुढं वरातींना डीजेच्या भिंती लागल्या. बँड मोडला, बाकीची मंडळी कामाधंद्याला लागली, आणि हे दोघं पडवीत उरले. मास्तरांची खुर्ची पुढं, आबांची वीतभर मागं. काकी केर काढताना खुर्च्या हलवत, त्या आबा पुन्हा वीतभर करून ठेवत.

मग मास्तरांचे पुढचे दात हलायला लागले. तोंडानं फुंकणाऱ्या माणसाचे समोरचे दात म्हणजे घराचे खांब. वाद्याचं तोंड त्यांच्यावरच टेकायचं असतं. पिरंगुटच्या डॉक्टरनं वरचे काढले आणि कवळी बसवून दिली. कवळीनं मास्तर भाकरी खायला लागले, शिव्याही पूर्वीइतक्याच स्वच्छ देऊ लागले, पण कॉर्नेट ओठाला लावला की कवळी आत सरके आणि सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा निघे. आबा म्हणत, "व्हईल. बसंल हळूहळू." ही एकच सूचना मी त्यांना अनुमोदनाची वाट न बघता मांडताना ऐकली. नेमकं याच सुमाराला मुळशीच्या जलाशयाकाठच्या एका रिसॉर्टवाल्यांना या जोडीचा सुगावा लागला. रविवारच्या दुपारच्या जेवणाबरोबर जॅझ, अशी त्यांची कल्पना होती. "न्हाई म्हणून सांगू का?" आबांनी मास्तरांना विचारलं. "का? मी मेलोय का?" मास्तर म्हणाले. गाडी माझी होती, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. गाडीत शिरताना आधी मास्तर, मग आबा. उतरताना मास्तर पलीकडच्या दारानं, तेही आधी.

रिसॉर्टनं पुण्याहून एक गिटारवाला आणि एक ड्रमवाला आणला होता, शिवाय निवेदन करायला एक गृहस्थ. त्यांची दाढी पांढरी आणि उपरणं हातमागाचं होतं. त्यांनी संगीताची मुळं, मातीचा श्वास आणि दोन संस्कृतींमधला संवाद यांवर इतका वेळ घेतला की लोकांचं सूप संपून पास्ता आला. मग मास्तरांनी कॉर्नेट उचलला. पहिल्याच सुराला कवळी सरकली. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा नुसती हवा. मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मास्तरांनी शांतपणे कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात टाकली, कॉर्नेट मांडीवर आडवा ठेवला आणि मागं न बघता म्हणाले, "तू घे."

आबांनी घेतलं, पण स्वतःचंच. आयुष्यभर वाजवला तो दुसरा कॉर्नेट त्यांनी जसाच्या तसा वाजवायला घेतला. पहिल्याच्या जागा आल्या की ते थांबत, मास्तरांना जितका वेळ लागला असता तितका वेळ जाऊ देत आणि मग आपला तुकडा वाजवत. शेजारच्या खोलीतलं फोनवरचं बोलणं ऐकावं, तसं ते ऐकू येत होतं. गिटारवाला घाबराघुबरा होऊन ड्रमवाल्याकडं बघत होता. बँड गप्प होण्याची जागा आली, तेव्हा आबांनी खालची तान वाजवली. वर काहीच नव्हतं. निवेदकांनी डोळे मिटून मान डोलावली. "मौनाचा काय वापर आहे!" ते माईकमध्ये म्हणाले, आणि आतापर्यंत गोंधळलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपायच्या आत मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत मागं वळले. दात नसल्यामुळं शब्द पसरट येत होते, पण पहिल्या रांगेला सगळे कळले.

"आरं ए आबा, माझं सराद घालतुयास का? मी हितं बसलोय की जित्ता!"

"मी कुटं काय म्हणलो, मास्तर?"

"मग पान वाढून जागा कुणासाठी सोडतुयास? कावळ्यासाठी?"

आबा कॉर्नेटच्या चाव्या उगीचच दाबत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी पुढं झालो तर तुमी कुटं बसणार?"

"मागं बसंन. इतकी वर्सं तू माझी पाठ बघितली. तुझी कशी दिसती, ते मला बी बघू दे की!"

आणि मास्तर खरोखरच उठले, आपली खुर्ची उचलून आबांच्या मागं नेऊन बसले. आबांच्या पुढं आता कुणी नव्हतं. पास्ता होता, जलाशय होता. भर सभेत माणसाचे कपडे उतरवावेत तसा त्यांचा चेहरा झाला होता. निवेदक काहीतरी बोलायला माईककडं वाकले, पण आबांनी डोळे मिटून सुरुवात केली होती.

सुरुवात बेताचीच होती. पहिल्या कॉर्नेटच्या ताना त्यांना पाठ होत्या, पण त्या दुसऱ्याच्या घरात वावरावं तशा बिचकत येत होत्या. मग, बँड गप्प होण्याच्या थोडं आधी, गिटारच्या गलक्यात त्यांनी अगदी बारीक, खालच्या आवाजात एक तुकडा वाजवला. मला तो ऐकू आला. एवढ्या संध्याकाळी शोधून जी सापडली नव्हती, ती चाहूल मला तेव्हा प्रथम कळली, कदाचित देणाऱ्याला सवय नव्हती म्हणून. बँड थांबला. आबांची तान वर गेली, आणि तिला धरून, त्याच क्षणी, मागच्या खुर्चीवरून मास्तरांचं बोळकं उघडलं: "दा-बा-रू-दा, बा-दा-रू!" आवाज फाटका होता, पण सूर दुसऱ्या कॉर्नेटचा होता, बोटभरही न चुकलेला. आबांनी डोळे उघडले, पण मागं वळून पाहिलं नाही. पुढच्या मोकळ्या जागेची चाहूल त्यांनी जरा धिटाईनं दिली. निवेदकांनी त्यानंतर मौनाचा वापर केला, तो कार्यक्रम संपेपर्यंत.

परतताना भाताची कापणी झालेली खाचरं दोन्ही बाजूंना होती, आणि रिह्याच्या खोऱ्यात डोंगराची सावली निम्म्यापर्यंत उतरली होती. मास्तर गाडीत तोंड उघडं टाकून झोपले. वाडीशी आल्यावर मी त्यांच्या घरापुढं, अरुंद वाटेत, गाडी भिंतीला खेटून थांबवली. भिंत मास्तरांच्या बाजूला आली, आणि उघडणाऱ्या दाराशी आबा बसले होते. ते आधी उतरल्याशिवाय मास्तरांना उतरता येणार नव्हतं. चढताना मास्तर आधी, हा नियम त्यांनी पाळला होता, आणि त्याचा परिणाम त्यांच्या आत्ता लक्षात येत होता.

"उतरा की, आबा," मी म्हणालो.

"जरा थांबा," ते म्हणाले. "आज लई झालं पुढं पुढं."

मी इंजिन बंद केलं. आबांनी कॉर्नेटची पेटी मांडीवर घेतली होती आणि तिच्या झाकणावर त्यांची बोटं चाव्या दाबल्यासारखी हलत होती. थोड्या वेळानं त्यांनी ओठ मिटूनच एक तुकडा गुणगुणला, झोपमोड होऊ नये इतक्या हळू. काहीच झालं नाही. पेटीवरची बोटं थांबली. मग शेजारून, डोळे न उघडता, मास्तरांनी खालचा सूर धरला. दोघांनी तेवढा तुकडा पुरा केला. उतरायची घाई कुणीच केली नाही, आणि मीही दुसऱ्यांदा सुचवलं नाही.