लॉकअपचं बटण

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझा डावा पाय क्लच दाबू शकेना. शेतातली फुलं बाजारात पोचवायचं काम माझंच, तेव्हा घरी बसणं शक्य नव्हतं. सातपूरला धाकट्या भावाचं गॅरेज आहे. त्याने आमच्या जुन्या जीपला दुसऱ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला.

मूळ गाडीत तो गिअरबॉक्स कॉम्प्युटर चालवायचा. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून भावाने डॅशबोर्डवर दोन बटणं लावली. एक ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या सगळ्यात वरच्या गिअरचं. उतारावर ते बंद ठेवलं की इंजिन गाडीला धरून ठेवतं. दुसरं लॉकअपचं. ते चालू केलं की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट जखडतात आणि डिझेल कमी लागतं.

"वेग कमी झाला की लॉकअप सुटायलाच हवं, नाहीतर इंजिन बंद पडेल," तो म्हणाला. "पण ताई, तू ब्रेकवर पाय ठेवलास की ते आपोआप सुटेल. तशी वायर टाकलीय."

आम्ही कसारा घाटात ट्रायलला गेलो. तो शेजारी बसला होता. लॉकअप चालूच होतं. उतार लागताच मी ओव्हरड्राइव्ह बंद केला आणि गाडी शहाण्यासारखी सावकाश उतरू लागली. मला बरं वाटलं. एका वळणावर पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक दाबला. वेग उतरला तशी जीप गचके खाऊ लागली, आणि इंजिन बंद पडलं.

इंजिनाविना स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा ब्रेकही घट्ट. गाडी मात्र घरंगळतच होती.

"लॉकअप सुटलं नाही! बटण बंद कर!"

माझं बोट भलत्याच बटणावर गेलं. इंजिन एकदा बंद पडल्यावर बटणांचा उपयोगही नव्हता, हे मला कुठे ठाऊक? ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं मोठी मोठी होत होती. मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवून उभीच राहिले. गुडघ्यातून कळ थेट डोक्यात गेली. भावाने हँडब्रेक ओढला. फळीपासून वीतभर अंतरावर जीप थांबली.

 भावाने माझ्या पायाशी वाकून पाहिलं. ब्रेकजवळची वायर निसटली होती. त्याने लॉकअपचं कनेक्शनच काढून टाकलं आणि ड्रायव्हरच्या दाराकडे न येता परत आपल्याच सीटवर बसला. 

"तूच चालव ताई. माझ्याच्याने नाही होणार."

उरलेला घाट मी उतरले, खालच्या गिअरमध्ये, ट्रकला भरपूर पुढे जाऊ देऊन. आता त्याने वेग बघून लॉकअप सोडवणारा छोटा कंट्रोलर बसवलाय. तो चोख काम करतो. तरी सिग्नलला थांबताना इंजिन जरा थरथरलं की माझे दोन्ही पाय ब्रेकवर जातात, आणि मागच्या टोपल्यांतला शेवंतीचा वास तेवढ्यापुरता येईनासा होतो.