पाण्याकडे तोंड करून उभे राहा

काशिनाथभाऊंची आणि माझी ओळख झाली ती नंदुरबारला, त्यांच्या इंजिनांच्या दुकानात. माझी शाळेतली नोकरी सुटली होती आणि दुकानाला पत्रं लिहिणारा माणूस हवा होता. भाऊंनी माझी शिफारसपत्रं बाजूला सारली. "मास्तर, पोहऱ्याला दोर कसा बांधायचा, ते लिहून दाखवा," एवढंच म्हणाले. मी झोकात पाऊण पान लिहिलं. त्यांनी पोहरा आणि दोर पुढे ठेवला. "आता हेच वाचत बांधा." छे! गाठ काही केल्या बसेना. दोघंही हसलो आणि मी कामाला लागलो. ते भाऊ आता साठी पूर्ण करीत आहेत, आणि या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला आहे.

त्या काळी तापीकाठी डिझेल इंजिनं नुकती येऊ लागली होती. इंजिन एका कंपनीचं, पंप दुसऱ्या कंपनीचा, पट्टा कुठून तरी तिसरीकडून आणलेला. प्रत्येकाबरोबर कंपनीचं पुस्तक येई, तेही इंग्रजीत. इंजिनाचं पुस्तक जोडणीपाशी आलं की म्हणे, पंपवाल्याला विचारा. पंपाचं म्हणे, इंजिनवाल्याला विचारा. भाऊंचा स्वभाव शांत. पण ही पुस्तकं पाहिली की त्यांचं डोकं फिरे. "लोकांचं घोडं जोडावरच अडतं, आणि नेमकं तिथंच हे दोघं हात झटकतात!"

तापीकाठच्या एका गावचे हिरालालभाई गुजर उन्हाळ्यात दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. "भाऊ, मन्ही केळी सुकी ऱ्हायनी. दोन्ही पुस्तकमा बाण एकच बाजूना शेतस, मंग पाणी काबरं चढत नही?" अक्षर कळलं नाही तरी बाण कळतो, म्हणून त्यांनी चित्रातले बाण पाहून पट्टा सरळ चढवला होता. भाऊ मला घेऊन तसेच निघाले. पाहतात तो पंप उलटा फिरतोय. बाण दोन्ही खरे होते. पण एक चित्र इंजिनाच्या या बाजूला उभं राहून काढलेलं, दुसरं पंपाच्या पलीकडच्या बाजूनं. भाऊंनी पट्ट्याला पीळ देऊन तो पुन्हा चढवला, तशी पंपाची दिशा उलटली आणि पाणी धो धो आलं. तोवर अर्धी बाग गेली होती. हिरालालभाई स्वतःलाच बोल लावू लागले, तेव्हा भाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुन्ही काही चूक नही. कोठे उभं ऱ्हावानं, ते कोनीच सांगेल नही."

दुसऱ्या दिवशी आम्ही जोडणीचा कागद लिहायला बसलो. त्याचं पहिलं वाक्य भाऊंनी सांगितलं: 'पाण्याकडे तोंड करून उभे राहा.' पुढचं सगळं डावं-उजवं तिथूनच, चित्रही तिथूनच काढलेलं. मग कोणत्या इंजिनाला कोणत्या पंपाची पुली, पाणी आलं नाही तर आधी काय पाहायचं, आणि ठळक अक्षरांत, कोणता पंप या इंजिनाला जोडूच नये. जे आम्ही स्वतः करून पाहिलं नव्हतं, तिथं 'करून पाहिलेले नाही' असं लिहायला लावलं. मला ते फार अपमानास्पद वाटलं होतं, पण भाऊंपुढे बोलणार कोण?

कागद तपासायची त्यांची रीत मात्र जगावेगळी. मध्येच सांगायचा मोह होऊ नये म्हणून तोंडात अख्खी सुपारी धरायची, हात मागे बांधायचे आणि गप्प उभं राहायचं. पहिल्या खेपेला हिरालालभाई जोडणी करत होते आणि चौथीपर्यंत शिकलेल्या जमनाबेन, त्यांच्या पत्नी, वाचून दाखवत होत्या. त्या थांबल्या. "भाऊ, पट्टा यथास्थित ताणा लिखेल शे. यथास्थित म्हंजे कितला?" भाऊंच्या तोंडात सुपारी. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले! ते 'यथास्थित' माझं लाडकं होतं हो. त्या जागी आलं, 'पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. दोन बोटे खाली जावा.'

कागद गावोगाव गेला, धडगावच्या बाजारापर्यंत पोचला. दुसऱ्या दुकानातून इंजिन घेतलेला धानोऱ्याचा माणूस आला, तरी भाऊ त्यालाही देत. शेवटी इंजिन कंपनीचा माणूस आला. त्याचं म्हणणं, आमच्या इंजिनाच्या कागदात परक्यांचे पंप कशाला? आणि 'जोडू नये' कशाला, विक्री बुडते! हा कागद बंद करा, नाहीतर एजन्सी जाईल. दुकान त्या एजन्सीवरच चालत होतं. भाऊंनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "एजन्सी तुमची आहे, घेऊन जा. कागद लोकांचा आहे."

एजन्सी गेली. नुसत्या दुरुस्तीवर दिवस काढायची पाळी आली. त्याच साली माझ्या मुलीचं लग्न निघालं. भाऊ आदल्या दिवशीच येऊन राहिले आणि मांडवात स्वतः वाढायला उभे राहिले. त्यांचे ते उपकार मी कसे विसरू?

गेल्या महिन्यात हिरालालभाईंनी नवं इंजिन घेतलं, त्याच कंपनीचं. पेटीत मराठी पुस्तक होतं, जोडणीचं वेगळं प्रकरण असलेलं. ते घेऊन दोघं पतीपत्नी थेट भाऊंकडे आले. मी पहिली ओळ वाचली आणि माझं टाळकं सणकलं. 'प्रथम पाण्याकडे तोंड करून उभे राहा.' भाऊंचं नाव कुठंही नाही! मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता कंपनीला पत्र लिहितो. भाऊंनी चष्मा लावला, पान न् पान पाहिलं. 'जोडू नये' तसंच होतं, ठळक. मग म्हणाले, "राहू द्या मास्तर. चित्र आपलापेक्षा चांगलं शे. वाचनारले समजी जाई."

भाऊ, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. अजून पुष्कळ कागद लिहायचे आहेत, आणि आम्ही वाचत असताना सुपारी धरून मागे उभं राहणारं कोणीतरी हवंच आहे. दात तेवढे सांभाळा.